दीड इंचाची काच

माझं माहेर धामणगावचं. मुंबई-नागपूर लाइनवर धामणगाव सुटलं की पुलगावच्या आधी तळणी नावाचं एक लहानसं स्टेशन लागतं. पॅसेंजर थांबायची, दोन-चार माणसं चढायची-उतरायची आणि गाडी हलायची. लग्न होऊन पैनगंगेच्या अलीकडे, आदिलाबादला आले त्यालाही आता तीस वर्षं होतील. या सगळ्या काळात तळणीत पाहण्यासारखं काही असेल असं कुणी सांगितलं नाही, ना घरी, ना शाळेत. खगोलशास्त्राच्या इतिहासात हे गाव नावानिशी नोंदलेलं आहे हे मला कळलं ते चंद्रग्रहणाचा फोटो कसा काढतात याची माहिती वाचता वाचता. चंद्राच्या वाटेनं निघाले आणि सूर्यापाशी पोचले, असं झालं.

तारीख २२ जानेवारी १८९८. त्या दिवशी दुपारी खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकणात विजयदुर्गाजवळ भारतात शिरली आणि तिरकी वर चढत सोलापूर जिल्हा, वऱ्हाड, नागपूर असं करत पुढे उत्तरेकडे बक्सरच्या बाजूला निघून गेली. या पट्ट्यात जगभरचे खगोलशास्त्रज्ञ जागोजागी तळ देऊन बसले होते. विजयदुर्गाला नॉर्मन लॉकियर होते. करमाळ्याजवळच्या जेऊरला अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल होते आणि त्याच जेऊरला पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला आपली उपकरणं घेऊन आले होते. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभी राहिलेली ती वेधशाळा पुण्याच्या सायन्स कॉलेजात होती. आणि आमच्या तळणीला ब्रिटिश अॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची एक तुकडी होती. तिच्यात जॉन एव्हरशेड होते, जे पुढे कोडाईकनाल वेधशाळेचे प्रमुख झाले. वॉल्टर माँडर होते. आणि त्यांची बायको अॅनी माँडर होती.

विजयदुर्गाचं नाव निघालंच आहे तर एक सांगून टाकते. किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’ दाखवून तिथे १८६८ साली लॉकियरनं हेलियम शोधला असं सांगतात. १८६८ च्या ग्रहणाच्या वेळी लॉकियर इंग्लंडात होते. सूर्याच्या प्रकाशातली ती पिवळी रेघ त्यांनी तिथूनच, ग्रहण होऊन गेल्यावर ऑक्टोबरात पाहिली. विजयदुर्गाला ते आले ते या १८९८ च्या ग्रहणाला. दोन ग्रहणांची गोष्ट एकात कालवली गेली आहे. मला विचाराल तर विजयदुर्गाचं महत्त्व त्यानं कमी होत नाही, पण तळणीच्या वाट्याला एक ओटासुद्धा आला नाही याचं मात्र वाईट वाटतं.

त्या वेळचा काळ काही धड नव्हता. १८९६-९७ चा दुष्काळ नुकताच सरला होता. मुंबई इलाख्यात प्लेग होता. पुण्यात रँडवर गोळी झाडली जाऊन सातच महिने झाले होते. ‘ओरायन’ लिहून मृग नक्षत्राच्या आधारे वेदांचा काळ मोजू पाहणारे टिळक ग्रहणाच्या दिवशी तुरुंगात होते. वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे असला तरी कागदोपत्री मुलूख निझामाचाच होता, म्हणजे तेव्हाचं आमचं एदलाबाद आणि तळणी दोन्ही एकाच धन्याच्या नावावर. खग्रासाचा पट्टा मात्र पैनगंगेच्या पलीकडून, बराच वरून गेला. एदलाबादला सूर्याची कोर शिल्लक राहिली.

आता अॅनी माँडरविषयी. ही बाई मूळची आयर्लंडमधल्या स्ट्रबेनची, जन्म १८६८. माहेरचं नाव रसेल. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गणित शिकली, १८८९ मध्ये तिथली अवघड परीक्षा चांगल्या रीतीनं उतरली, पण पदवी मिळाली नाही. केंब्रिज बायकांना शिकू द्यायचं, परीक्षा देऊ द्यायचं, पदवी द्यायचं नाही. ती रीत १९४८ पर्यंत चालली. १८९१ मध्ये तिला ग्रिनिच वेधशाळेत आकडेमोडीची नोकरी लागली, महिना चार पौंड. रोज सूर्याचे फोटो घ्यायचे आणि त्यावरचे डाग मोजायचे हे काम. तिथेच वॉल्टर माँडर भेटले, १८९५ च्या डिसेंबरात लग्न झालं आणि नोकरी गेली. चूक काही नव्हती, सरकारी नियमच होता. लग्न झालेल्या बाईला नोकरीत जागा नाही.

पुस्तकांत हे वाक्य एका ओळीत येतं आणि वाचणारा पुढे जातो. मी तिथे थोडी थांबले. बीएच्या शेवटच्या वर्षाला माझ्या वर्गात आम्ही अकरा मुली होतो. त्यातल्या कितीजणींनी पुढे काय केलं याचा हिशोब मी कधीतरी कागदावर मांडला होता. नियम कुठे लिहिलेला नव्हता एवढाच फरक.

अॅनीबाईंनी नोकरी गेल्यावर काय केलं? गर्टन कॉलेजानं संशोधनासाठी दिलेल्या पैशातून एक कॅमेरा तयार करवून घेतला. त्याचं भिंग दीड इंचाचं. आपल्या चहाच्या कपाचं तोंड त्याहून मोठं असतं. तो कॅमेरा घेऊन ती तळणीला आली. आदल्या ग्रहणाला, १८९६ मध्ये, नवरा-बायको नॉर्वेत गेले होते आणि ढगांनी सगळं पाण्यात घातलं होतं. म्हणजे या वेळी हाती लागेल तेच खरं.

खग्रास अवस्था दोन मिनिटांच्या आसपास. तेवढ्यात काचेच्या प्लेटा बदलायच्या, उघडायच्या, मोजून झाकायच्या. त्या दोन मिनिटांत तिनं जे टिपलं त्यात सूर्याच्या प्रभामंडळातून निघालेला एक लांबच लांब झोत होता, साठ लाख मैल लांबीचा. तोवर कुणाच्याही प्लेटवर एवढा लांब झोत आलेला नव्हता.

तिकडे जेऊरला कॅम्पबेलकडे चाळीस फूट लांबीचा कॅमेरा होता, पाच इंची भिंगाचा. त्यात सूर्याची प्रतिमा जवळजवळ साडेचार इंच व्यासाची पडे आणि सूर्याला लागून असलेले बारकावे झकास दिसत. मग लांबचा फिकट झोत दीड इंचाच्या काचेलाच कसा सापडला? हे समजायला मला विज्ञानाची पदवी लागली नाही. एक पळी तूप मोठ्या परातीत पसरलं तर नुसता ओशटपणा उरतो, तेच वाटीत घातलं तर दिसतं. लांब कॅमेरा प्रकाश मोठ्या प्रतिमेवर पसरवतो, तो पातळ होतो. बुटका कॅमेरा तोच प्रकाश लहान जागेत गोळा करतो आणि शिवाय आभाळाचा मोठा तुकडा त्याच्या नजरेत मावतो. फिकट आणि लांब वस्तू टिपायची तर असाच कॅमेरा हवा, हे अॅनीबाईंनी आधी ठरवलं आणि मग भिंग निवडलं. नशिबानं लागलेला फोटो नव्हता तो.

रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीनं १८९२ मध्ये तिला बाई म्हणून नाकारलं होतं. सभासद करून घेतलं १९१६ मध्ये, तळणीनंतर अठरा वर्षांनी. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा ती पुन्हा ग्रिनिचला कामाला गेली, या वेळी बिनपगारी.

आता चंद्राकडे वळते, कारण सुरुवात तिथूनच झाली होती. सूर्यग्रहणासाठी लोक बोटींनी आले, तंबू ठोकले. चंद्रग्रहणासाठी असं कुणी निघालेलं फारसं ऐकू येत नाही. कारण साधं आहे. सूर्यग्रहणात चंद्राची सावली पृथ्वीवरच्या एका अरुंद पट्ट्यातून पळते, तुम्हाला तिच्या वाटेत जाऊन उभं राहावं लागतं. चंद्रग्रहणात पृथ्वीची सावली चंद्रावर पडते आणि जिथे जिथे रात्र आहे तिथे ती सगळ्यांना दिसते. न्यूयॉर्कच्या ड्रेपरनं १८४० मध्ये चंद्राचा फोटो काढला तेव्हा प्लेट वीस मिनिटं उघडी ठेवावी लागली होती. आता पुरा चंद्र टिपायला सेकंदाचा अडीचशेवा भाग पुरतो, कारण पौर्णिमेचा चंद्र म्हणजे शेवटी ऊन पडलेला खडक. पण खग्रास झाल्यावर तोच खडक दहा हजार पटींनी अंधारा होतो, कधी त्याहूनही जास्त. मग दोन-दोन, चार-चार सेकंद लागतात, तेवढ्यात चंद्र सरकतो, कॅमेरा हलतो, आणि तांबूस लाडवाऐवजी तांबूस फराटा मिळतो.

तो तांबूस रंग येतो कुठून? पृथ्वीच्या कडेनं, आपल्या हवेतून वाकून गेलेलं ऊन चंद्रावर पडतं. वाटेत निळा रंग विखुरतो, लाल तेवढा पोचतो. त्या क्षणी पृथ्वीवर जिथे जिथे सूर्य उगवतो आहे किंवा मावळतो आहे, त्या सगळ्या ठिकाणचा प्रकाश एकत्र होऊन चंद्रावर पडलेला असतो. म्हणून ग्रहणातल्या चंद्राचा फोटो खरं तर आपल्या हवेचा फोटो असतो. १८८३ मध्ये क्राकाटोआचा ज्वालामुखी फुटला आणि पुढच्या वर्षी ऑक्टोबरातल्या ग्रहणात चंद्र जवळजवळ दिसेनासा झाला, इतकी राख वरच्या हवेत होती. १९९१ मध्ये फिलिपिन्सचा पिनाटुबो फुटला आणि डिसेंबर १९९२ चं ग्रहण असंच काळवंडलं. फ्रान्सच्या दांजाँनं १९२१ मध्ये या रंगांची शून्य ते चार अशी मोजपट्टी करून दिली. शून्य म्हणजे दिसतच नाही, चार म्हणजे चकचकीत तांब्याचा तांब्या. ती वापरायला डोळ्यांशिवाय काहीही लागत नाही.

रात्रीच्या आभाळाचे फोटो काढण्याचं मोठं काम आमच्याच राजधानीत झालं आहे, हेही इकडे कुणी सांगत नाही. नवाब जफर जंग या हैदराबादच्या सरदारानं १९०१ मध्ये इंग्लंडहून पंधरा इंची दुर्बीण आणून स्वतःच्या जागेत वेधशाळा काढली आणि सहाव्या निझामाच्या परवानगीनं तिला निझामिया नाव दिलं. ते वारल्यावर १९०८ मध्ये ती सरकारनं घेतली आणि बेगमपेठला हलवली. पॅरिसहून १८८७ मध्ये साऱ्या आभाळाचा फोटो-नकाशा करायची योजना निघाली होती. जगातल्या अठरा वेधशाळांना एकेक पट्टा वाटून दिला होता. चिलीतल्या सँतियागोला दिलेला पट्टा, खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेला १७ ते २३ अंशांचा, तिथे पुरा होईना. तो शेवटी हैदराबादनं उचलला. आठ इंची कॅमेऱ्यानं काचेच्या प्लेटांवर दोन-दोन अंशांचे चौकोन टिपायचे, त्या प्लेटा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून एकेक ताऱ्याची जागा मोजायची. चॅटवुड, पोकॉक, मग १९१८ पासून टी. पी. भास्करन अशा संचालकांच्या हाताखाली लाखो तारे मोजून झाले आणि त्यांचे खंड छापले गेले. व्हॅटिकनच्या वाट्याच्या प्लेटा तिथल्या चार जोगिणींनी मोजल्या होत्या, पावणेपाच लाखांहून जास्त तारे. गहू निवडायच्या सवयीचं काम ते. ग्रिनिचला अॅनीबाई सूर्याचे डाग मोजत होत्या, तेही त्याच जातीचं.

हैदराबादच्या त्या पट्ट्यातून चंद्राची वाटही जाते. मे ते जुलैच्या पौर्णिमांना चंद्र वृश्चिक, धनू, मकर या राशींत, दक्षिणेकडे उतरलेला असतो. २७ जुलै २०१८ च्या रात्रीचं ग्रहण या शतकातलं सगळ्यात लांब, खग्रास अवस्थाच १०३ मिनिटांची. तेव्हा चंद्र मकर राशीत विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण एकोणीस अंशांवर होता, म्हणजे बरोबर निझामियाच्या पट्ट्यात. खग्रास झाल्यावर त्याच्या आजूबाजूला जे बारके तारे उमटतात, ते बेगमपेठला कुणीतरी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून एकेक करून वहीत उतरवलेले.

आता घरातली गोष्ट. आमचं घर स्थानकवासी. सूर्यास्तानंतर चूल थंडच असते, त्यामुळे रात्रीच्या ग्रहणात जेवायचं की नाही हा प्रश्न आम्हाला पडत नाही. पण आपण ज्या गावात राहतो त्या गावाच्या रीती अंगाला लागतातच. पाण्यावर तुळशीचं पान, वेध लागल्यावर विळीला हात नाही आणि दिवस गेलेल्या बाईनं खोलीबाहेर पडायचं नाही. लहानपणी धामणगावात ग्रहण सुटताना गल्लीतून ‘दे दान सुटे गिराण’ अशी आरोळी यायची आणि आम्ही पोरं पायलीतलं धान्य घेऊन दाराकडे पळायचो. ती आरोळी मला आजही आवडते. खोलीत कोंडणं आवडत नाही.

गंमत अशी की आमच्या आगमात याचा विचार झालेला आहे. भगवती सूत्राच्या बाराव्या शतकात गौतम विचारतात की राहू चंद्राला गिळतो असं लोक म्हणतात, ते खरं का? महावीर म्हणतात, तसं म्हणणं खोटं आहे. राहू हा देव आहे, येता-जाता त्याच्या विमानाची आड चंद्राच्या प्रकाशाला येते, एवढंच. चंद्राचं ग्रहण लवकरात लवकर सहा महिन्यांनी, उशिरात उशिरा बेचाळीस महिन्यांनी असा हिशोबही दिला आहे. पृथ्वीची सावली यात नाही हे मला ठाऊक आहे. ती आर्यभटानं ४९९ मध्ये स्वच्छ सांगितली. पण गिळणंही यात नाही. काही तुटत नाही, कुणी कुणाला खात नाही, नुसती आड येते. मग आडोशाला भ्यायचं काय?

हे मी ३१ जानेवारी २०१८ ला माझ्या मोठ्या जाऊबाईंना ऐकवलं. त्यांची सून माझ्याकडेच आली होती, सातवा महिना सरत आलेला. पोरगी फार्मसी शिकलेली, फोटोंची भारी हौस, लग्नाआधी घेतलेला डीएसएलआर कपाटात पडून. त्या दिवशी चंद्र उगवतानाच ग्रहण लागलेला उगवणार होता. सहाच्या सुमाराला चंद्रोदय, सहा एकवीसला खग्रास, सात सदतीसपर्यंत तसाच. जाऊबाई म्हणाल्या, “ते पुस्तकातलं मला नको सांगू. उद्या काही झालं तर तू बोल लावून घेशील का?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यांच्याकडेही रागापेक्षा भीतीच जास्त होती. त्यांचं स्वतःचं एक बाळ गेलेलं. त्याच्यापुढे महावीरांचं वचन काढून उपयोग नसतो.

तडजोड सुनेनंच काढली. ती म्हणाली, “काकूसा, मी खोलीबाहेर पडतच नाही.” माडीवरच्या खोलीला पूर्वेची खिडकी आहे. तिनं ट्रायपॉड खिडकीच्या आत उभा केला आणि स्वतः पलंगाच्या कडेवर बसली. जाऊबाई दारात. आधी काही दिसेचना, पूर्वेकडे संधिप्रकाश आणि धूसर हवा. सातच्या आसपास जिनिंगच्या पत्र्यांच्या वर एक मळकट वीटकरी गोळा दिसायला लागला. पहिले फोटो हलले. मग तिनं शटर बोटानं दाबायच्या ऐवजी दहा सेकंदांचा टायमर लावला, आयएसओ वाढवला, वेळ दोन सेकंदांवर आणली. मी पंखा बंद केला, कारण त्याच्या घरघरीनं जमीन हलते असं ती म्हणाली. जाऊबाई दारातून दोन पावलं आत आल्या. मग आणखी दोन. पडद्यावरचा चंद्र बघून म्हणाल्या, “हा तर शिळ्या कुंकवासारखा दिसतो.” दांजाँच्या पट्टीवर मी त्याला दोन दिले असते. बाहेर मात्र त्यांनी तिला जाऊ दिलं नाही, आणि मीही आग्रह धरला नाही. एप्रिलात मुलगी झाली. आडोशानं तिचं काही बिघडलं नाही, आणि खिडकीत बसूनही काही बिघडलं नाही. जाऊबाई पहिल्याला श्रेय देतात, मी दुसऱ्याला.

ज्यांना स्वतः करून बघायचं आहे त्यांच्यासाठी थोडं लिहून ठेवते. चंद्रग्रहण उघड्या डोळ्यांनी बघायला काहीही धोका नाही, सूर्यग्रहणाचा नियम इथे लावायचा नाही. फोटोला महागडी लेन्स नसली तरी चालेल. चंद्र मोठा नाही आला तर त्याच्याखाली आपल्या घराचं छत, झाड, पाण्याची टाकी येऊ द्या. सावली चढताना दर दहा मिनिटांनी एक फोटो घ्या आणि नंतर ते ओळीनं लावा, म्हणजे पृथ्वीच्या सावलीची कड गोल आहे हे दिसतं. पृथ्वी गोल असल्याचा एक पुरावा म्हणून अॅरिस्टॉटलनं हेच सांगितलं होतं. मोबाइल असेल तर तो तांदळाच्या पिशवीवर टेकवून ठेवा, म्हणजे कमी हलतो. आणि रंग लगेच वहीत लिहा. कॅमेरे आपापल्या मर्जीनं रंग बदलतात. वहीत तारीख, वेळ आणि ‘वीटकरी’ किंवा ‘काळपट’ एवढं लिहिलेलं पुढच्या ग्रहणाशी ताडून बघता येतं.

भारतातून नीट दिसेल असं खग्रास चंद्रग्रहण ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री आहे. पावणेदहापासून अकराच्या जरा आधीपर्यंत चंद्र पुरा सावलीत असेल. आदिलाबादची डिसेंबरातली थंडी ठाऊक असणाऱ्यांनी शाल आणि जादा बॅटरी दोन्ही जवळ ठेवावं, थंडीत बॅटरी लवकर उतरते. एप्रिलात जन्मलेली ती मुलगी तेव्हा साडेदहा वर्षांची असेल. त्या रात्री चंद्र चांगला वर, डोक्याकडे चढलेला असणार, पूर्वेच्या खिडकीतून तो दिसणार नाही. छतावरच जावं लागेल.